चांदमारीमागचे खळे

तुमच्या जमिनीची हद्द कुठे संपते हे पटवारी साखळी टाकून सांगेल. पण तुमच्याच जमिनीत उभे राहून तुम्ही झाडलेल्या गोळीची हद्द कुठे संपते, हे आजवर तुम्ही कुणाला विचारले आहे का?

मला विचारा. माझा धंदाच तो आहे. मोमिनाबादेच्या छावणीत मी चांदमारीवर निशाणवाला म्हणून लागलो तेव्हा मिसरूडही फुटले नव्हते. छावणीचा पसारा कमी झाल्यावर मी बाहेर पडलो आणि गावोगावच्या देशमुखांना, जमीनदारांना, पेन्शनीत निघालेल्या जमादारांना त्यांच्या स्वतःच्या जागेत चांदमारी बांधून देऊ लागलो. परळी, केज, पार युसूफ वडगावपर्यंत माझ्या हातचे बांध उभे आहेत. इतक्या गोळ्यांची तोंडे मी पाहिली, पण स्वतः एकही बार कधी काढला नाही. निशाणवाल्याची जागा बंदुकीमागे नसते, बंदुकीपुढे असते.

ज्यांनी चांदमारी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका टोकाला बंदूकवाला. दुसऱ्या टोकाला पांढरी फळी, तिच्यावर काळा गोल, तो चांद. फळीमागे मातीचा उंच, जाड बांध. छावणीत त्याला दमदमा म्हणत. फळीखाली खंदक खणलेला असतो, त्यात निशाणवाला बसतो. गोळी लागली की लांब काठीने फळीवर जागा दाखवायची, चुकली की लाल निशाण हलवायचे. साहेब असो की शिपाई, चुकला तर निशाण सारखेच हलते. ही एक गोष्ट मला त्या कामात फार आवडे.

माझे चुलते बार्शीच्या बाजाराला माल घेऊन जात आणि येताना रिकाम्या पोत्यांच्या घडीत दडवून आमच्या संस्थानात बंदी असलेली पुण्यामुंबईची पत्रके आणत. मी वाचायला शिकलो ते त्या पत्रकांवर. म्हणून माझ्या बोलण्यात ‘हक्क’ हा शब्द जरा लवकर येतो, आणि कचेरीतल्या लोकांना तो आवडत नाही. असो.

खासगी चांदमारीला कायदा काय म्हणतो, हे मला सगळे विचारतात. बंदुकीला परवाना लागतो हे सर्वांना ठाऊक आहे. पण घरच्या जागेत नेमबाजीचा सराव करावा की नाही, याबद्दलचा स्पष्ट शब्द मला कुठल्याच कचेरीत कुणी दाखवला नाही. पोलिसांचे अमीन म्हणतात, परवाना पीक राखायला आणि शिकारीला दिला, चांदमारी त्यात लिहिलेली नाही, म्हणजे मनाई. तहसीलदार म्हणतात, मनाईही लिहिलेली नाही, म्हणजे अर्ज करा. अर्ज केला की जागेची पाहणी होते, आसपासच्या जमीनवाल्यांची रजामंदी मागतात, बार काढायच्या आदल्या दिवशी दवंडी पिटायची आणि लाल निशाण लावायचे अशा अटी घालतात. या अटी चांगल्या आहेत. माझे भांडण परवान्याशी आहे. परवाना देताना सरकार विचारते, बाप कोण, जमीन किती, घराण्याचा दर्जा काय. नेम कसा आहे, हे विचारत नाही. नेम नसलेल्या माणसाला बंदूक देणे कायदेशीर, आणि त्याने नेम शिकायची जागा बांधली की चौकशी!

आता जागेचे सांगतो. हौशी माणूस मला जागा दाखवतो तेव्हा पुढे बोट करतो. मी आधी मागे जातो. बांधापलीकडे वाट आहे का, विहीर आहे का, कुणाचे गुरे बांधायचे ठिकाण आहे का, हे पाहिल्याशिवाय मी कुदळ लावू देत नाही. बंदूकवाल्याचे तोंड उत्तरेला असावे, म्हणजे सकाळ-संध्याकाळ ऊन डोळ्यात जात नाही. मधली जमीन कडक किंवा खडकाळ नसावी; तळ्यात चपटा दगड भिरकावला की तो जसा उड्या मारत जातो, तशी गोळी कडक भुईवरून जाते. आणि बांधात खडा नसावा. धर्मापुरीच्या एका म्हाताऱ्या जमादाराने मला गावातल्या जुन्या देवळाची मागची भिंत दाखवली होती. एवढी जाड भिंत फुकट उभी असताना माती कशाला उपसता, म्हणे. देवाचे काय ते देव बघेल म्हटले तरी दगड गोळी ठेवून घेत नाही, पाठवणाऱ्याकडे परत पाठवतो, हे मी त्यांना सांगितले. तर म्हणाले, “मंग आधी तुमी मारून बगा.” ते काम मी घेतले नाही.

पण मला सांगायची आहे ती सिरसाळ्याजवळच्या एका गावची गोष्ट. गावाचे नाव सांगत नाही.

तिथले रंगराव देशमुख, ज्यांना सारे गाव बापू म्हणे, उमदा माणूस. उंच, मिशा भरघोस, आवाज चौकातून वेशीपर्यंत जाणारा. त्यांच्याकडे काडतुसाची नवी बंदूक होती आणि नेम मुळीच नव्हता. ज्वारीत रानडुकरे घुसली म्हणून त्यांनी एकदा बार काढला, तो विहिरीवर टांगलेल्या त्यांच्याच मोटेला लागला आणि चामड्याला आरपार भोक पडले. तेव्हापासून गावात म्हणत, बापूला डुकरं भेत न्हाईत, मोटा भेतात. बापूंच्या कानावर हे गेले. दुसरा कुणी असता तर बोलणाऱ्याचे तोंड बंद केले असते. बापूंनी मला बोलावणे धाडले. हा त्यांचा पहिला मोठेपणा.

मी गेलो तो हिवाळ्यात. पाहतो तर बांध आधीच तयार. वाड्यामागच्या लांब पट्ट्यात, उत्तरेच्या टोकाला, पावसाळ्यातच उभा केलेला, दोन पुरुष उंच. त्यावर गवत उगवून वाळले होते. जागा योग्य, दिशा योग्य. माती मात्र काळी.

“माझ्या रानातली हाय,” बापू अभिमानाने म्हणाले. “असली काळी साऱ्या तालुक्यात न्हाई. पीक देती ती माती गोळी अडवनार न्हाई का?”

काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते, हे मी त्यांना सांगावे अशी गोष्टच नव्हती. जन्म त्या मातीत गेलेला. पण रानातल्या भेगा सर्वांना दिसतात, आपल्या अभिमानातल्या दिसत नाहीत. मी म्हणालो, चैत्रापर्यंत थांबा, हा बांध उन्हात काय करतो ते पाहू, आणि तोवर एकही बार काढू नका. ते हो म्हणाले आणि अर्ज मात्र लगेच पाठवला.

तहसीलदारांनी रजामंदी मागितली. गावातले बहुतेक लोक देशमुखांची जमीन करणारे. सगळे हो म्हणाले. बांधाच्या बरोबर मागे मात्र गिरजाबाई नावाच्या एका विधवेचे रान होते. रान तिच्या स्वतःच्या नावाचे. बांधाला लागून तिचे खळे, खळ्याशेजारी कडुनिंब. तिने नाही म्हटले. वाड्यावरच्या कारभाऱ्यांनी दोनदा सांगून पाहिले, भावकीतल्यांकडून सांगवले. तिचे एकच उत्तर, की सुगीत आम्ही सारे दिवसभर त्या खळ्यावर असतो, बापूच्या बंदुकीने मोट पाहिलेली आहे, माझे घर पाहू नये.

मी मनातून खूष झालो. पत्रकांत वाचलेला हक्क प्रथमच लुगडे नेसून समोर उभा होता. अर्ज तसाच अडकून राहिला.

फाल्गुनात गिरजाबाईचे खळे भरले. कणसे आली, मोडणी सुरू झाली. तिच्या सुनेने तान्ह्या पोराची झोळी कडुनिंबाच्या फांदीला बांधली होती. इकडे वाड्यात पाहुणे आले होते. पाहुण्यांनी बांध पाहिला, बंदूक पाहिली, आणि बापूंना मोटेवरून छेडले. बापूंनी हुकमाची वाट पाहिली नाही. फळी लावून बार काढला.

मी तेव्हा परळीला दुसऱ्या कामावर होतो. बातमी कळताच आलो. बांधावर चढून पाहिले, तर उन्हाने काळी माती उलून कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडलेल्या, आणि वरचा भाग खचून पातळ झालेला. गोळी फळीच्या बरीच वरून त्या खचक्या भागात शिरली होती आणि माती फोडून पलीकडे निघाली होती. कडुनिंबाच्या खोडात, झोळीच्या वर हातभर अंतरावर, ती रुतली होती. पोर झोपलेलेच होते, असे सून मला सांगत होती.

बार झाला तेव्हा गिरजाबाई ओरडली नव्हती. तिने विळ्याच्या टोकाने खोडातली गोळी उकरून काढली, पदरात बांधली आणि तशीच वाड्यात गेली. बापू ओसरीवर पाहुण्यांत बसले होते. तिने गोळी त्यांच्यापुढे ठेवली.

“तुमची हाय बापू. माज्या रानात आलती.”

पुढचे मला तिथे असलेल्या दोघातिघांनी सांगितले आणि सर्वांनी सारखेच सांगितले. बापू उभे राहिले. कुठून निघाली ही, असे त्यांनी विचारले. तिने सांगितले. झोळीचेही सांगितले. बापू पुन्हा खाली बसले, आणि पाहुण्यांदेखत त्यांनी डोक्यावरचे पागोटे काढून मांडीवर ठेवले. मग ते म्हणाले, “काकू, अमीनाकडं जा. परवाना रद्द करा म्हना. म्या न्हाई म्हननार न्हाई.”

गावाला वाटले, प्रश्न संपला. मलाही तसेच वाटले. तक्रार कशी मांडायची, कुणापुढे मांडायची, हे सांगायला मी मोठ्या उत्साहाने तिच्याकडे गेलो. ती खळ्यावर उफणत होती. माझे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “बंदूक गेली तर डुकरं काय बापूचंच रान खातेत का? माजं बी खातेत. त्याला बंदूक न्हाई, नेम पाहिजे.” मग बांधाकडे पाहून म्हणाली, “ह्यो कशाचा पाहिजे, ते सांगा तुमी.”

मी सांगितले, की या भागात गोळीला खरी धरून ठेवते ती पांढरी. जुने गाव उठून गेलेल्या टेकाडाची ती माती. धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छपराच्या, घरांवर तीच घालतात, उन्हाने उलत नाही, पावसाने वाहत नाही, आणि चाळली की तिच्यात खडा राहत नाही. गावाच्या उगवतीला असे टेकाड होतेही. पण ते नाव काढताच मला कळले, की मी कशाला हात घातला आहे. पांढरी ही या गावांत नुसती माती नव्हे. गावाची आई ती. सालोसाल तिला नारळ वाढवतात, लग्नाची वरात तिच्यापुढून नमस्कार करून जाते. घरावर घालायला पाटीभर न्यायची तर आधी पाया पडतात. आणि मी म्हणत होतो, तिच्यावर गोळ्या झाडा.

चावडीपुढे गाव जमले. पाटील, वयस्क आणि शांत माणूस, सरळ नाही म्हणाले. मी पत्रकांच्या भाषेत सुरुवात केली. माती ती माती, असे म्हणालो. अंधसमजुतींनी देश मागे राहिला, असेही म्हणालो. पाटलांनी ते संपू दिले आणि मग हळूच विचारले, “निशाणवाले, तुमची आई बी बाईमाणूसच हाय. म्हनून काय कुनी बी दगड मारावा?”

लोक हसले. मी खाली बसलो. बापू एका बाजूला मान खाली घालून उभे होते.

तेव्हा बायकांच्या घोळक्यातून गिरजाबाई बोलली. पुढे आली नाही, पदर सावरून जागेवरूनच बोलली.

“पाटील, दरसाली पांढरीला नारळ कावून फोडता?”

“गाव राखती म्हनून.”

“मंग ती राखायला निघाली, तर तुमी तिचा हात कावून धरायलाव?”

ती पुढे म्हणाली, “त्या दिशी मधी पांढरी असती, तर गोळी तिनं गिळली असती. माज्या नातवापतुर आली नसती. लेकराच्या आड आई उभी ऱ्हाती, त्याला काय तिला मारनं म्हनतेत का?”

पाटलांनी डोक्याला हात लावला. मग ते म्हणाले, “नारळ आदी. आन् घरटी एक पाटी. एकट्या बापूनं न्यायची न्हाई.”

मी धंद्यात पुष्कळ बांध घातले. मजूर लावून घातले, वडारांकडून घातले. असा बांध एकच घातला. काळी माती उपसून बापूंनी ती परत रानात टाकली. मग प्रत्येक घरातून एकेक पाटी पांढरी आली, आणि पहिली पाटी बापूंनी स्वतःच्या डोक्यावर आणली. देशमुखाच्या डोक्यावर पाटी पाहायला शेजारच्या गावचे लोक आले होते. कुणीतरी मोटेची आठवण काढली, तर बापूच म्हणाले, “मोट न्हाई बे, आता मानूस वाचवायलो.” माती मी चाळून घेतली, थर ओला करून धुमसला, मग पुढचा थर. वरचा माथा ठरलेल्याहून जास्त उंच केला आणि बाजूंना भिंती घातल्या, कारण बापूंचा नेम मला ठाऊक होता.

पाहणीला तहसीलदार आले आणि सोबत अमीन. तहसीलदारांनी गिरजाबाईला विचारले, आता हरकत आहे का. ती म्हणाली, न्हाई, पण अट हाय. पहिल्या बाराला बापूंनी माझ्या खळ्यावर बसायचे. मीही बसते.

अमीनसाहेब वैतागले. “बाई, ये कौनसा कानून है?”

“कायदा न्हाई साहेब. माजी अट हाय.”

तहसीलदार बापूंकडे पाहू लागले. बापू बांधाला वळसा घालून खळ्याकडे चालू लागले. मग बंदूक कोण चालवणार, हा प्रश्न आला, आणि ज्यांनी चांदमारीला सर्वांत जास्त विरोध केला होता त्या अमीनसाहेबांच्याच हातात ती आली. त्यांना फळी नव्हे, बांधाचा माथा धरून मारायला मी सांगितले. जिथून पूर्वीची गोळी गेली, तिथेच मारा म्हणालो. मग मी खंदकात उतरलो.

उतरण्याआधी बांधाच्या कडेने जाऊन मी मागचे खळे पाहून घेतले होते. गिरजाबाईने घोंगडे अंथरले होते. सून आणि पोर गावात होते, पण झोळी तिने सोडली नव्हती. बापू त्या रिकाम्या झोळीशेजारी, खोडाला पाठ लावून, ताठ बसले होते. खोडावरचा गोळीचा व्रण त्यांच्या पागोट्याच्या जरासा वर येत होता. गिरजाबाई त्यांच्या शेजारी कणसे निवडत बसली, जणू रोजचाच दिवस.

बार झाला. पांढरीतून बोटभर धूळ उडाली. अमीनांनी पुन्हा भरली, पुन्हा मारली. माती दर वेळी नुसते हुंकारल्यासारखा आवाज करी आणि गप्प होई. मी बांधाच्या मागची बाजू हाताने चाचपून आलो. ओरखडासुद्धा नव्हता.

मी हिरवे निशाण दाखवले. छावणीत ते कोणत्याही खुणेसाठी नसते. मी त्याच दिवसासाठी शिवून घेतले होते. बापू उठले नाहीत. गिरजाबाईने फडक्यातली भाकरी सोडली, अर्धी त्यांच्या हातावर ठेवली. ती खाऊन झाल्यावर ते म्हणाले, “काकू, हितून पुढं बार काढायचा तर माज्या घरचं एक मानूस हितं बसंल. न्हाई बसलं तर बार न्हाई.” तहसीलदारांनी ही अट हुकमात घातली. कायद्याच्या कुठल्या कलमाखाली, ते मला ठाऊक नाही. कोणतेही असो, मी त्या कलमाला नमस्कार करतो.

बापूंचा नेम बरा झाला; फार चांगला झाला असे म्हणणार नाही. लाल निशाण मी त्यांच्यासाठी पुष्कळ हलवले. पण बार असे त्या दिवशी खळ्यावर कधी त्यांची बायको, कधी भाऊ, कधी खुद्द पाहुणा बसलेला असे, आणि त्या गावात बंदुकीचा आवाज ऐकून कुणी गुरे घेऊन पळाले नाही.

तेव्हापासून मी काम घेताना तीच अट घालतो: पहिल्या बाराला मालकाने बांधामागे बसायचे. पुष्कळ लोक हसतात आणि दुसऱ्याकडून बांधून घेतात. एका तालुक्यात अशा एका बांधामागून मी गेल्या उन्हाळ्यात गेलो. पूर्वी तिथून सरळ पायवाट होती; आता ती लांबून वळसा घेऊन जाते. हुकूम कुणी काढला नाही, दवंडी पिटली नाही. डोक्यावर मोळ्या घेतलेल्या बायकांनी चालता चालता ती वाट वाकवली आहे. मालकाकडे परवाना आहे, सगळे कायदेशीर आहे. मी तिथे काहीच करू शकलो नाही, याची मला अजून चीड येते.

म्हणून, वाचकहो, हा अंक तुमच्या हातात दिवाळीत पडेल, आणि सुट्टीला आलेल्या पाहुण्यांपुढे बंदूक काढायचा मोह याच दिवसांत होतो. तुमच्याकडे बंदूक असेल तर भिंतीवरून ती उतरवण्याआधी एक करा. फराळाचे ताट घ्या, ज्या दिशेला तोंड करून तुम्ही बार काढता त्या दिशेने हद्द ओलांडून चालत जा, पहिले जे घर किंवा खळे लागेल तिथे बसा, आणि बार दुसऱ्याला काढायला सांगा. तुमच्याने तिथे बसवले, तर खुशाल चांदमारी बांधा. मी पांढरी चाळून द्यायला येईन. बसवले नाही, तर ताट तिथेच ठेवून या, आणि बंदूक खुंटीवरच राहू द्या.